उत्तरेकडचे पक्षी, थंडीतलं कोकण: यंदा कुठे काय दिसतंय?

मतलई:
डिसेंबर उजाडला की ग्रुपांवर भिगवण, भरतपूर, कच्छचे फोटो सुरू होतात. कोकणाचं नाव निघालंच तर धनेश, खंड्या, फार झालं तर समुद्री गरुड. आपल्या पुळणीवर लाटेच्या पुढे-मागे पळणारा तो एवढासा पांढुरका सँडरलिंग आर्क्टिकच्या काठावर जन्मलेला असतो, हे सांगितलं तर लोक "हो का!" म्हणतात आणि बांगड्याचा भाव विचारतात.

म्हणून हा धागा. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात थंडीत दिसलेले, टुंड्रातून, सैबेरियातून, मध्य आशियातून आलेले आणि आपल्याकडे क्वचित नोंदले जाणारे पक्षी इथे टाका. फ्लेमिंगो नकोत, त्यांचं कौतुक करायला मुंबईकर समर्थ आहेत. पावसाळी वादळात भरकटून येणारे बूबी, फ्रिगेटबर्डही नकोत. ते उष्ण समुद्रातले, त्यांचा मामला वेगळा.

माझ्याकडून सुरुवात. हर्णै बंदरातून सुवर्णदुर्गाच्या तटाला स्कोप लावला की बहुतेक वेळा घारी आणि कावळेच मिळतात. परवा एका बुरुजावर बहिरी ससाणा बसला होता. वर्षभर असतो तो शाहीन नव्हे. शाहीन खालून तांबूस, डोकं पुरतं काळसर. हा अंगाने दांडगा, छाती पांढरट, डोळ्याखालची मिशी बारीक. टुंड्रात घरटी करणारी कॅलिडस नावाची उपजात आहे, ती थंडीत दक्षिण आशियात उतरते. किनाऱ्यावर चिखल्या-तुतवारांचे थवे जमतात तिथे ह्याचं जेवण असतं. त्यामुळे एक युक्ती: चरणारे सगळे पक्षी एकदम उठले, की त्यांच्यामागे दुर्बीण फिरवू नका, आधी वर बघा.

डोंबिवली_फास्ट:
मस्त धागा. वाखु साठवली आहे. फोटो दिसत नाहीयेत.

मतलई:
टाकलेच नाहीत :) इतक्या लांबून फोटोत नुसता ठिपका येतो.

अक्षीचा_शेजारी:
अलिबागजवळच्या अक्षीच्या पुळणीवर ऑयस्टरकॅचर आलेत. काळा-पांढरा पक्षी, लांब गाजरी चोच, गुलाबी पाय. एकदा बघितला की दुसऱ्या कशाशी घोळ होत नाही. नावात कालवं असली तरी आमच्याकडे तो वाळूतल्या शिंपल्याच उचकटताना जास्त दिसतो. सोबत रडी टर्नस्टोन आहेत, दगड-शेवाळ उलथून खालचे किडे खाणारे.

यायचं असेल तर आडवारी या. शनिवार-रविवारी घोडागाड्या, चारचाकी बाईक आणि माणसं. भरती चढली की पक्ष्यांना बसायला वाळूची एक चिंचोळी पट्टीच उरते, आणि नेमकं त्याच पट्टीवर कुणीतरी मुलाला "बघ कसे उडतात" म्हणून पळवत नेतो. रात्रंदिवस खाऊन चरबी साठवायची असते त्यांना, मार्च-एप्रिलमध्ये परतीची वाट धरायची म्हणून. दर उड्डाणाला त्यातली थोडी जळते.

पुणेरी_दुर्बीण:
रत्नागिरीला भाट्येच्या पुळणीवर मला रेड नॉट मिळाला असं वाटतंय! काजळी नदीच्या मुखाकडे, ओहोटीच्या वेळी. राखाडी, गुबगुबीत, मध्यम चोच. फोटो पाठमोरा आहे. कुणी खात्री करून देईल का?

खाजणातला:
अभिनंदन लगेच करत नाही, रागावू नका. रेड नॉट भारतातच मोजक्या ठिकाणी नोंदला गेलाय, त्यामुळे आधी सोप्या शक्यता बाद करायला हव्यात.

पहिला संशयित ग्रे प्लोव्हर. तोही राखाडी आणि गुबगुबीत, आणि कोकणच्या किनाऱ्यावर थंडीभर असतो. त्याची चोच आखूड, जाड, डोळा मोठा. उडताना पंखाखाली काखेत काळा डाग दिसला की विषय संपला. दिसली का काख?

दुसरा कर्ल्यू सँडपायपर. त्याची चोच लांब, टोकाला खाली वळलेली, पण पाठमोऱ्या पक्ष्यात वळण कळत नाही. तिसरा ग्रेट नॉट. तो रेड नॉटपेक्षा मोठा आणि चोच डोक्याच्या लांबीहून किंचित जास्त. रेड नॉटची साधारण डोक्याएवढीच. शेजारी दुसरा कुठला पक्षी होता का? त्याच्या मानाने हा केवढा? आकार नेहमी शेजाऱ्यावरून सांगावा. रिकाम्या वाळूवर एकटा पक्षी असला की भले भले फसतात.

अवांतर, पण सांगतोच. ग्रेट नॉट आज जागतिक यादीत 'संकटग्रस्त' आहे. त्यांचा मुख्य मार्ग पूर्व आशियातून ऑस्ट्रेलियाकडे जातो. दक्षिण कोरियात सेमांगुमला ३३ किलोमीटरची भिंत घालून २००६ मध्ये अख्खी खाडी समुद्रापासून तोडली. वाटेत थांबून खायची त्यांची मोठी जागा तीच होती. त्यानंतर त्यांची संख्या कोसळली. खाजण म्हणजे वाया गेलेली जागा असं ज्यांना वाटतं त्यांना हे एकदा ऐकवा.

पुणेरी_दुर्बीण:
उडालाच नाही हो. चालत चालत खडकामागे गेला. शेजारी एक टिवळा होता, त्याच्यापेक्षा थोडा मोठा वाटला.

खाजणातला:
मग वहीत लिहा: 'मध्यम आकाराचा राखाडी किनारपक्षी, अनिश्चित', तारीख, वेळ, भरती की ओहोटी, आणि आत्ता सांगितलंत ते वर्णन. अशी नोंद खोट्या 'रेड नॉट'पेक्षा कितीतरी कामाची. पुन्हा गेलात तर उडेपर्यंत थांबा. उडवायला जाऊ नका.

रापणकार:
मी काय पक्षीवालो नाय, मासेवालो. पण धागो वाचलंय आणि एक गजाल विचारूची हा. दिवाळीनंतर ट्रॉलर घेवन पंचवीस-तीस वाव पाण्यात गेलव काय बारके पक्षी दर्यात पोवताना दिसतत. बदकां नाय. चिमणेपेक्षा जरा मोठे. एकेका जागेर शंभर-दोनशे. पाण्यार बसान गरागरा फिरतत आणि चोची मारतत. बोट जवळ इली काय उडान थोडे पुढे जावन परत बसतत. आमी तेंका नाव ठेवलेला नाय. जा खावचा नाय तेका नाव कित्याक ठेवतलव? ह्ये तुमच्या पुस्तकात आसत काय?

मतलई:
दादा!!! आसत, आसत!

खाजणातला:
रापणकारदादा, दंडवत. तुम्ही सांगताय ते रेड-नेक्ड फॅलरोप असणार. कूळ तुतवारांचं, पण बोटांना कडेने पाळ्या असतात म्हणून पोहता येतं. जागच्या जागी गरगर फिरलं की खालचं पाणी वर ओढलं जातं आणि त्याबरोबर बारीक जीव वर येतात. चोची मारतात त्या त्यांच्यासाठी. घरटी आर्क्टिक प्रदेशातल्या तळ्यांकाठी. मादी रंगाने जास्त उठावदार, अंडी नराने उबवायची. स्कँडिनेव्हियातल्या काही फॅलरोपना प्रकाशाची नोंद ठेवणारी इवलीशी यंत्रं बसवली होती. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून पक्षी कुठे आहे ते काढता येतं. ते पक्षी हिवाळा काढायला आले कुठे, तर अरबी समुद्रात.

आता गंमत बघा. किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन उभे राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या यादीत हा पक्षी दुर्मीळ. एखादा चुकार मिठागरात उतरला तर लोक मुंबईहून गाड्या काढतात. आणि दादांना तो जाळं ओढताना शेकड्याने दिसतो. त्यामुळे इथे 'दुर्मीळ' लिहिताना प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावं: पक्षी कमी आहेत, की तिथे बघणारा कमी आहे? कोकणापुरतं तरी माझं उत्तर बहुतेक वेळा दुसरं असतं.

दादा, पुढच्या खेपेला मोबाइलवर व्हिडिओ काढाल का? हलला तरी चालेल. सोबत तारीख आणि किती वाव पाणी होतं ते.

रापणकार:
काढतंय. पण जाळा वर येताना मोबाइल कोण धरतलो? तांडेल गाळी घालतलो माका.

सुरूबन:
रापणीवरून आठवलं. तोंडवळी-आचऱ्याकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली की कुरव जमतात, तेव्हा सगळ्यांना 'सीगल' म्हणून मोकळं होऊ नका. बहुतेक तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव असतात. थंडीत दोघांचंही डोकं पांढरं असतं, कानामागे एक ठिपका तेवढा उरतो. मग डोळा बघायचा: तपकिरी डोक्याच्या पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचं बुबुळ फिकट, काळ्या डोक्याच्याचं गडद. त्यांच्यात अधूनमधून गडद पाठीचा, पिवळ्या पायांचा दांडगा ह्यूग्लिन्स असतो, उत्तर रशियाच्या टुंड्रातला. आणि नशीब असेल तर पॅलास गल. कुरवांच्या मेळ्यात तो इतका मोठा दिसतो की दुसरं काही सांगावं लागत नाही. पिवळ्या चोचीवर लाल-काळा पट्टा. फेब्रुवारीत त्याचं डोकं काळं व्हायला लागतं, तेव्हा तर लहान पोरही ओळखेल. मोठे कुरव वयात यायला चार वर्षं घेतात आणि दर वर्षी वेगळा वेश. तपकिरी पोरांच्या भानगडीत नवशिक्यांनी पडू नये, मीही पडत नाही.

कातळकर:
माझी नोंद समुद्रावरची नाही, सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची. राजापूर तालुका एवढंच सांगतो.

गवत वाळून पिवळं झालेलं, कातळावरचं पाणी आटलेलं. गुरं चरत होती त्यांच्या पुढ्यातून एक घुबड उठलं. भर दुपारी! आधी वाटलं भोवत्या (हॅरिअर, शिकारी पक्षी) असेल, कारण उडणं तसंच, जमिनीलगत, सावकाश पंख मारत. पण तोंड चपटं. थोडं पुढे जाऊन गवतात उतरलं आणि मागे वळून बघितलं. डोळे पिवळे, भोवती काजळ. कानाची पिसं जवळजवळ नाहीतच. पंखावर मनगटापाशी गडद डाग. शॉर्ट-इअर्ड आऊल, माझी खात्री आहे. आपल्या कड्याकपारीतलं मोठं शृंगी घुबड नव्हे, त्याचे डोळे नारिंगी आणि शिंगं ही उंच.

युरोप, सैबेरियाच्या मोकळ्या माळांवर, दलदलींवर प्रजनन करणारा पक्षी. घुबडांत हे जरा वेगळंच, झाडाचं काम नाही, घरटं जमिनीवर आणि झोपही जमिनीवर. म्हणूनच सडा त्याला मानवतो. थंडीत कधी कधी काही जण मिळून एकाच गवताळ तुकड्यात मुक्काम करतात. मी एकच पाहिलं.

डोंबिवली_फास्ट:
जळजळ झाली. लोकेशन द्या की. आम्ही काय त्याला खाणार आहोत?

कातळकर:
नाही देणार. राग मानू नका.

डोंबिवली_फास्ट:
मग धागा काढून उपयोग काय? 'मी पाहिलं, तुम्ही बघू नका' अशी सगळी तऱ्हा.

अक्षीचा_शेजारी:
फास्टभाऊ, मी मतदान कातळकरांच्या बाजूने करतो. आमच्याकडे एका पक्ष्याचं लोकेशन फुटलं तेव्हा पहिल्या रविवारी काय झालं ते बघितलंय. जमिनीवर झोपणारं घुबड म्हणजे प्रत्येक फोटोवाला त्याला उठवणारच. एकाचं समाधान झालं की दुसरा येणार. दिवसा उठलेल्या घुबडाच्या मागे कावळे आणि घारी लागतात ते वेगळंच.

चौकस_आजी:
मला दोन्ही बाजू पटतात. पण कातळकर, एक सांगा. उद्या तुमच्या त्या सड्यावर चिरेखाण आली, तर तुम्ही काय दाखवणार? सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा. कागदावर तिथे काहीच नसतं. आमच्या बाजूला एक सडा असाच गेला. लोक म्हणाले, तिथे होतं काय, दगडच तर होते. पावसात त्या दगडांवर निळी-पिवळी फुलं असायची, हिवाळ्यात भोवत्ये फिरायचे, पण लिहिलं कुणीच नव्हतं.

कातळकर:
आजी, हा प्रश्न मलाही छळतो. कातळशिल्पांचंच बघा ना. गुराख्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. लोकांनी सडे पायी तुडवून त्यांची जागावार नोंद केली, म्हणून २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीपर्यंत गेली आणि आज कुणी सड्याला हात लावला तर निदान आवाज होतो. पक्ष्यांच्या बाबतीत आम्ही तोंड बंद ठेवतो आणि मग म्हणतो सड्याला कुणी विचारत नाही.

खाजणातला:
मधला रस्ता आहे. ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर) यादी भरा, जागा नेमकी टाका, पण ती यादी लोकांपासून लपवून ठेवायची सोय तिथे आहे, ती वापरा. किंवा पक्षी परत गेल्यावर, एप्रिल-मेमध्ये भरा. दुर्मीळ पक्षी असला की तपासणारे वर्णन मागतात; तुम्ही वर लिहिलंय तेच डकवा, 'चपटं तोंड, पिवळे डोळे, मनगटावर डाग', ह्याहून जास्त काही लागत नाही. नोंद राहते आणि गर्दीही होत नाही. आजींच्या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ आली की तारखेसकट कागद हातात असतो.

मात्र कायमचं लपवून ठेवणं मला मान्य नाही. ज्या सड्याची एकही उघड नोंद नाही तो सडा नकाशावर रिकामाच दिसणार.

डोंबिवली_फास्ट:
ठीक आहे. पटलं असं नाही, पण मुद्दा कळला. मेमध्ये बघतो कुठला सडा ते :)

चौकस_आजी:
आता माझं ऐका. मी वेंगुर्ल्याची. गुडघे गेले, सड्यावर काही जमत नाही. पण पोफळीच्या बागेत, शिपण्याच्या पाटाशेजारी, खुर्ची टाकून बसते. तिथे थंडीत एक धोबी येतो. नेहमीचा धोबी शेपटी वर-खाली करतो. हा मागचं अंगच डावी-उजवीकडे झुलवतो. छातीवर दोन काळे पट्टे. सावली सोडून उन्हात येत नाही. पाचोळा उलथत चालतो आणि हाकललं तर सुपारीच्या झाडावर जाऊन बसतो. हा कोण?

खाजणातला:
आजी, तुम्ही धागा जिंकलात. रानधोबी, फॉरेस्ट वॅगटेल. दोन पट्टे आणि आडवं झुलणं, दुसरा कुणी असूच शकत नाही. बाकी धोबी उघड्यावर, पाण्याकाठी, हा एकटा झाडीतला. घरटी पूर्व आशियात: अमूर नदीचं खोरं, कोरिया, उत्तर चीन. तिथून येऊन पश्चिम घाटाच्या आणि कोकणाच्या सावलीच्या बागांत थंडी काढतो. बाग साफ ठेवायची म्हणून पाचोळा जाळू नका, त्याचं ताट तेच आहे.

चौकस_आजी:
जाळत नाही रे बाबा. नारळाच्या आळ्यात घालते. कोरियाहून येतो होय! आता चहा घेताना जरा अदबीने बसेन.

सुरूबन:
अमूरवरून: अमूर ससाणे ह्या वर्षी कुणाला दिसले का? लोणावळ्याला नोव्हेंबर-डिसेंबरात लोक ठरवून जातात, पण तेच पक्षी पुढे कोकणावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात, तेव्हा किनाऱ्यावर मात्र क्वचितच कुणी वर बघत असतं. त्याच सुमारास चतुरांचे थवेही समुद्र पार करतात. मालदीवमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये हे मांडलं होतं, आणि ससाण्यांना वाटेत शिदोरी म्हणून हेच चतुर मिळत असावेत असा अंदाज आहे. देवगडच्या दीपगृहाकडे संध्याकाळी चतुर दाट दिसले तर थोडा वेळ थांबून बघा.

मतलई:
अजून दिसले नाहीत. नोव्हेंबरअखेर मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) नीट धरतो तेव्हा बघायला हवं होतं, आता उशीर झाला असावा.

खाजणातला:
सगळ्यांसाठी एक विनंती. किनाऱ्यावर पक्ष्याच्या पायात रंगीत प्लॅस्टिकची पट्टी दिसली तर रंग, कुठला पाय, गुडघ्याच्या वर की खाली, आणि अक्षरं-आकडे वाचता आले तर तेही लिहून घ्या. दोन पट्ट्या असतील तर वरची कुठली आणि खालची कुठली हे महत्त्वाचं, कारण रंगांच्या जोडीवरून पट्टी कुठे लावली ते कळतं. मेलेला पक्षी सापडला आणि पायात धातूचं कडं असेल तर त्यावर बहुधा 'इन्फॉर्म बॉम्बे नॅट हिस्ट सोसायटी' असं कोरलेलं असतं. आकडा उतरवून त्याच सोसायटीला, म्हणजे बीएनएचएसला कळवा. रापणकारदादा, जाळ्यात असा एखादा आला तर कडं फेकू नका.

रापणकार:
एकदा मिळाला होता. आमच्या पोरग्यान चावीक अडकवल्यान. शोधतंय.

खाजणातला:
शोधाच! आकडा वाचता आला तर इथे नका टाकू, मला खासगी निरोप करा, फॉर्म भरून देतो.

पुणेरी_दुर्बीण:
येत्या शनिवारी परत भाट्येला जायचा विचार आहे, त्या राखाडी साहेबांसाठी. किती वाजता पोचू? ॲपवर भरतीची वेळ वेगवेगळी दाखवतात.

चौकस_आजी:
ॲप कशाला. पंचांगातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ आली. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला. अमावास्या-पुनवेला दुपारच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतं.

रापणकार:
आजयेचा बरोबर. शनिवारी द्वादशी. बाराची पाऊणपट नव. सकाळी नवाक भरती.

खाजणातला:
मग सातला तिथे हजर राहा. पाणी चढत जाईल तसे पांगलेले पक्षी तुमच्याकडे ढकलले जातात, शेवटच्या दोन तासांत सगळे एका पट्टीत येतात आणि आकाराची तुलना करायला शेजारी आपोआप मिळतात. सूर्य पाठीमागे ठेवा. भाट्येला सकाळी समुद्राकडे तोंड केलं की तो पाठीशीच असतो. आणि काख बघितल्याशिवाय घरी येऊ नका.